बानाबाचा हिशेब : ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सरकारांना खुलं पत्र

प्रति,
ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांची सरकारं

महोदय,

विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला, नाउरूच्या पूर्वेस सुमारे ३०० किलोमीटरवर प्रशांत महासागरात सहा चौरस किलोमीटरचं एक बेट आहे. बानाबा. तुमच्या जुन्या दप्तरात ते ‘ओशन आयलंड’ या नावाने सापडेल. १९०० ते १९७९ या काळात तिथून दोन कोटी टनांहून जास्त फॉस्फेट उचललं गेलं. बेटाच्या आकाराने भागून पाहिलं तर एका खाटेएवढ्या जागेमागे साडेसहा टन पडतात. बेटाचा सुमारे ९० टक्के पृष्ठभाग खरवडून निघाला आहे. बेटाचे मूळ रहिवासी (त्यांनाही बानाबाच म्हणतात) आज बहुतांशी २१०० किलोमीटर दूर, फिजीतल्या राबी बेटावर राहतात. बानाबावर तीनेकशे माणसं आहेत.

राबीवर पहिली तुकडी उतरली त्याला १५ डिसेंबर २०२५ रोजी ८० वर्षं झाली. पण पत्राचं कारण तेवढंच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये बानाबावरचं समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र बंद पडलं आणि त्यानंतरच्या दुष्काळात तिथल्या लोकांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागली. आणि २०२३ मध्ये एका ऑस्ट्रेलियन कंपनीने बेटावर उरलंसुरलं फॉस्फेट शोधण्याचा प्रस्ताव पुढे आणला. ज्या बेटावर प्यायला पाणी नाही तिथे पुन्हा खाणीचा विषय निघतो, आणि ज्यांनी ते बेट या अवस्थेला आणलं ती तिन्ही सरकारं जुना हिशेब मिटला असं समजून चालतात, हे आम्हाला मान्य नाही.

आम्ही ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेली मराठी भाषिक माणसं आहोत. इथे कर भरतो, मत देतो. ज्या कुरणांचं दूध आणि ज्या शेतांचा गहू आमच्या घरात येतो, त्या जमिनी मुळात स्फुरदाला (फॉस्फरसला) अत्यंत गरीब होत्या. बानाबा आणि नाउरूच्या फॉस्फेटने त्या सुपीक झाल्या. त्या सुपीकतेचा लाभ आम्ही रोज घेतो, म्हणून त्याच्या देण्यातही आमचा वाटा आहे. पत्र मराठीत आहे, कारण ‘प्रकल्पग्रस्त’ या शब्दाचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही, आणि ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ ही घोषणा का द्यावी लागली तेही लोकांना ठाऊक आहे. बानाबाची गोष्ट मात्र मराठीत फारशी आलेली नाही.

सुपर फॉस्फेटची करड्या दाण्यांची गोणी आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या ओळखीची आहे. खाणीतल्या फॉस्फेट खडकातला स्फुरद पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पिकाच्या मुळांना तो सहजासहजी मिळत नाही. खडक दळून त्यावर गंधकाम्ल घातलं की विरघळणारं फॉस्फेट आणि जिप्सम तयार होतं. त्या मिश्रणाचं नाव सुपर फॉस्फेट. म्हणजे खडक जितक्या उच्च प्रतीचा, तितकं कमी आम्ल, कमी वाहतूक आणि जास्त खत. बानाबाचा खडक जगातल्या सर्वोत्तम खडकांपैकी होता. बेटाचं दुर्दैव तिथून सुरू झालं.

आता एकेक मुद्दा.

पहिला करार. सिडनीतल्या पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कार्यालयात दार उघडं राहावं म्हणून एक दगड लावलेला असे. नाउरूहून आलेला. आल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने तो तपासला आणि ते उच्च प्रतीचं फॉस्फेट निघालं. नाउरू तेव्हा जर्मनीकडे होतं, म्हणून नजर बानाबाकडे वळली. ३ मे १९०० रोजी एलिसने बानाबावर एका कागदावर सही घेतली : ९९९ वर्षं फॉस्फेट काढण्याचा एकट्याचा हक्क, मोबदला वर्षाला ५० पौंड. सही करणाऱ्याला त्या कागदात बेटाचा ‘राजा’ म्हटलं होतं. बानाबाला राजा नव्हता. तिथली जमीन लहान लहान तुकड्यांत, माणसागणिक वाटलेली होती. स्त्रियांच्या नावावरही होती, दत्तक गेलेल्या मुलालाही मिळत असे. बानाबांच्या बोलण्यातल्या गिल्बर्टीज भाषेत ‘ते आबा’ या एकाच शब्दाचा अर्थ जमीनही होतो आणि त्या जमिनीवरची माणसंही. ज्या समाजात सबंध बेट देऊन टाकण्याचा अधिकार कुणालाच नव्हता, तिथे एका माणसाची सही घेऊन पुढची ऐंशी वर्षं चालली. १९०१ मध्ये ब्रिटनने बेट ताब्यात घेतलं आणि त्या व्यवहारावर साम्राज्याचा शिक्का बसला.

झाडं परत लावण्याचं वचन. हा मुद्दा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण यात अर्थ लावण्याची पळवाट नाही. १९१३ च्या करारात खाणकाम संपलेल्या जमिनीवर शक्य तिथे नारळ आणि इतर अन्न देणारी झाडं परत लावून देण्याचं कलम होतं. ते पाळलं गेलं नाही. का नाही, ते समजून घ्यायला खाण कशी चालायची ते पाहावं लागतं.

फॉस्फेट हे प्रवाळी चुनखडीच्या उभ्या सुळक्यांच्या मधल्या फटींत भरलेलं होतं. वरची झाडं तोडायची, काळी माती ओरबाडून बाजूला करायची, मग सुळक्यांमधलं फॉस्फेट कुदळ-फावड्याने आणि पुढे यंत्राने उपसायचं. ते दळायचं, वाळवायचं आणि जहाजात भरायचं. उरतात ते उघडे पडलेले, दोन-तीन माणसांहून उंच, टोकदार पांढरे-करडे सुळके आणि त्यांच्यामधले खोल खड्डे. त्यावर पाऊस पडला तर पाणी कुठे थांबत नाही. चुनखडी सच्छिद्र असते, पाणी फटींतून सरळ खाली जातं आणि समुद्राला मिळतं. माती नाही म्हणून ओल धरली जात नाही, ओल नाही म्हणून रोप जगत नाही, आणि रोप नाही म्हणून नवी माती बनत नाही. झाडं लावायची तर आधी सुळके फोडून खड्डे भरायला हवेत आणि माती आणायला हवी, तीसुद्धा खाणीतून काढून ठेवलेली. ती माती जपून ठेवली गेली नाही. मातीचा वरचा थर वेगळा रचून ठेवणं हे खाण चालू असतानाच, तेही अगदी थोड्या खर्चात होणारं काम आहे. नंतर ते कितीतरी महाग पडतं.

१९२८ ची नोटीस. १९२० पासून बेटावरच्या खाणीचा कारभार ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्सकडे, म्हणजे तिन्ही सरकारांच्या संयुक्त मंडळाकडे गेला. कंपनीचे हक्क नाउरूसह ३५ लाख पौंडांना विकत घेतले गेले. वाटा ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के, न्यूझीलंड १६ टक्के. म्हणजे जमीन मागणारे आणि जमिनीवर राज्य करणारे यांची घरं एकच झाली. बुआकोनिकाई गावच्या लोकांनी आणखी जमीन द्यायला नकार दिला. या गावाच्या नावाचा अर्थच ‘झाडांच्या मधोमध’ असा आहे. ऑगस्ट १९२८ मध्ये रेसिडेंट कमिशनर, म्हणजे वसाहतीचे मुख्य ब्रिटिश अधिकारी, आर्थर ग्रिम्बल यांनी गावकऱ्यांना पत्र लिहिलं. सही केलीत तर जगण्याचे मुद्दे हे, नाही केलीत तर मरणाचे मुद्दे हे, अशी त्याची मांडणी होती. सक्तीने जमीन घेण्याची तरतूद त्याच वर्षी कायद्यात आली आणि १९३१ मध्ये १५० एकर जमीन तशी घेतली गेली. ज्या अधिकाऱ्याने त्या लोकांचं पालकत्व करायचं होतं त्यानेच ही भाषा वापरली. याला आम्ही दबाव म्हणतो. वाटाघाटी म्हणत नाही.

भावाचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे, पण पैशाचं खरं नुकसान इथेच झालं. कमिशनर्स फॉस्फेट बाजारभावाने विकत नव्हते. तिन्ही देशांच्या शेतकऱ्यांना ते उत्पादनखर्चाच्या आसपासच्या भावाने मिळायचं. नफा दिसतच नव्हता, कारण तो शेतकऱ्याच्या स्वस्त गोणीत मुरलेला होता. नफाच नाही म्हटल्यावर मूळ मालकाच्या वाट्याला टनामागे काही पेन्स. आणि जो महसूल निघाला त्याचाही मोठा भाग, बानाबा ज्यात मोडत होतं त्या गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या वसाहतीचा प्रशासनखर्च भागवण्याकडे गेला. १९६० च्या दशकात वाटणी वसाहतीला ८५ टक्के, बानाबांना १५ टक्के अशी होती. वसाहत चालवणं ही ब्रिटनची जबाबदारी होती. तिचा खर्च एका छोट्या बेटाच्या जमिनीतून निघाला.

युद्ध आणि राबी. ऑगस्ट १९४२ मध्ये जपानी सैन्य बानाबावर उतरलं. त्याआधी कमिशनर्सचे बहुतेक गोरे आणि चिनी कर्मचारी बेटावरून हलवले गेले होते. बानाबा आणि गिल्बर्टीज लोक मागे राहिले. जपान्यांनी त्यांना पुढे तारावा, नाउरू आणि कोसराए इथे पांगवलं. कामासाठी बेटावर ठेवलेल्या दीडशेच्या आसपास माणसांना जपानने शरणागती पत्करल्यानंतर, ऑगस्ट १९४५ मध्ये, कड्यावर नेऊन मारलं गेलं. त्यातून कबुनारे हा एक जण वाचला आणि त्याच्या साक्षीमुळे ही गोष्ट जगाला कळली.

राबी बेट त्याआधीच, १९४२ मध्ये, २५,००० पौंडांना विकत घेऊन ठेवलेलं होतं. पैसे बानाबांच्याच रॉयल्टीचे. युद्ध संपल्यावर विखुरलेल्या लोकांना गोळा केलं, घरी परतण्यासारखी स्थिती नाही असं सांगितलं आणि कमिशनर्सच्या ‘ट्रायोना’ जहाजातून राबीला नेलं. १५ डिसेंबर १९४५ रोजी ७०३ बानाबा तिथे उतरले : १८५ पुरुष, २०० स्त्रिया, ३१८ मुलं. सोबत ३०० गिल्बर्टीज. त्यांना मिळाले तंबू आणि दोन महिन्यांचा शिधा. तो चक्रीवादळांचा हंगाम होता. विषुववृत्तावर राहणाऱ्या माणसांना वादळ आणि थंडी दोन्ही नवीन. पुढच्याच वर्षी बानाबावर खाण पुन्हा सुरू झाली. म्हणजे बेट माणसांना राहण्याजोगं नव्हतं, फॉस्फेट काढण्याजोगं मात्र होतं.

इथे राबीच्या मूळ फिजियन लोकांचंही स्मरण ठेवायला हवं. ते त्यांच्या बेटावरून एकोणिसाव्या शतकातच बाहेर गेले आणि त्यांचे वंशज शेजारच्या तावेउनीवर आहेत. एका समाजाला उठवून दुसऱ्या उठवलेल्या समाजाच्या जागी बसवलं गेलं. यात दोष बानाबांचा नाही आणि त्या फिजियन कुटुंबांचाही नाही.

न्यायालय आणि १९८१ ची रक्कम. बानाबांनी लढा सोडला नाही. बानाबांचे नेते रोतान तितो आणि इतरांनी लंडनच्या न्यायालयात दावे लावले. सुनावणी दोनशेहून जास्त दिवस चालली. न्यायाधीश सर रॉबर्ट मेगॅरी स्वतः बानाबा पाहून आले. १९७६ च्या अखेरीस निकाल लागला. रॉयल्टीच्या दाव्यात न्यायालय म्हणालं की सरकारची जबाबदारी विश्वस्तासारखी असली तरी ती राज्यकारभाराच्या अर्थाने आहे, न्यायालयातून वसूल करता येईल अशी नाही. झाडं लावण्याचं वचन मोडलं, हे न्यायालयाने मान्य केलं. पण प्रत्यक्ष झाडं लावायला लागणारा खर्च भरपाई म्हणून दिला नाही. एक मोठं कारण असं की दावा लावणारे आता राबीवर राहतात, ते पैसे घेऊन बानाबावर झाडं लावतीलच असं नाही. तुम्ही त्यांना तिथून हलवलंत, आणि ते हलले म्हणून भरपाई कमी झाली.

त्यानंतर तिन्ही सरकारांनी १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देऊ केले. जबाबदारी मान्य न करता, अनुग्रह म्हणून, आणि पुढे खटले लावायचे नाहीत या अटीवर. १९८१ मध्ये बानाबांनी ते स्वीकारले. तुमचं म्हणणं तिथेच थांबतं. त्यापुढे नाउरूकडे पाहा. तेच कमिशनर्स, तेच फॉस्फेट, तेच सुळके. नाउरू हा संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त व्यवस्थेखालचा प्रदेश होता आणि १९६८ मध्ये स्वतंत्र झाला, त्यामुळे त्याला १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाता आलं. १९९२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाचे मुख्य आक्षेप फेटाळले आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख डॉलरची तडजोड केली. त्यात ब्रिटन आणि न्यूझीलंडने प्रत्येकी १ कोटी २० लाखांचा वाटा उचलला. बानाबा मात्र गिल्बर्ट बेटांच्या वसाहतीचा भाग होतं, आणि तीच वसाहत पुढे किरिबाती हा देश झाली. १९७८ मध्ये किरिबातीच्या घटनेवर लंडनमध्ये चर्चा चालू असताना बानाबांनी वेगळं होण्याची मागणी केली, ती नाकारली गेली. १९७९ मध्ये फॉस्फेट संपलं, त्याच वर्षी किरिबाती स्वतंत्र झालं आणि बेट त्या देशाकडे गेलं. ज्याला आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं दार उघडता येतं असा देशच बानाबांपाशी नाही. दोन शेजारच्या बेटांच्या भरपाईत जवळपास अकरा पटींचा फरक आहे, आणि तो दोघांच्या कायदेशीर दर्जातल्या फरकातून आला आहे. नुकसानाचं स्वरूप सारखंच होतं.

बानाबांना केवळ बळी म्हणून पाहण्याची चूक करू नका. राबीवरच्या चार गावांना त्यांनी आपल्या जुन्या गावांची नावं दिली : उमा, ताबवेवा, ताबिआंग, बुआकोनिकाई. मायभूमी समुद्रापार, पण गाव तेच. १५ डिसेंबर हा दिवस ते दरवर्षी नाच आणि नाट्यातून साजरा करतात आणि त्यात खाणीची, युद्धाची आणि जहाजाची सगळी कहाणी येते. किरिबातीच्या घटनेत त्यांनी स्वतंत्र प्रकरण मिळवलं. त्यानुसार संसदेत बानाबाची जागा आहे, राबीचा प्रतिनिधी आहे, आणि बानाबा माणसाला बेटावर जाऊन राहण्याचा कायमचा हक्क आहे. २०१३ मध्ये राबीचं निवडून आलेलं कौन्सिल बरखास्त करून प्रशासक नेमला गेला, तरी त्यांचा आवाज दबला नाही. २०२३ च्या खाणीच्या प्रस्तावाला राबीतून जोरदार विरोध झाला.

आणि पाणी. या बेटावर नदी नाही, ओढा नाही. खडकाखाली अंधाऱ्या गुहा आहेत, त्यांना ‘बांगाबांगा’ म्हणतात. त्यात झिरपून साठलेलं पाणी नारळाच्या करवंट्यांत भरून आणायचं काम फक्त स्त्रियांचं. पुरुषाला आत प्रवेश नसे. दुष्काळात कुणी किती घ्यायचं याचे नियम असत. १८७० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात बेटावरची बहुतेक माणसं मेली किंवा जहाजांवरून निघून गेली, तरी जी राहिली आणि जी परतली त्यांनी याच गुहांच्या आधाराने पुन्हा घरं उभी केली. खाणीने या गुहांवरचं छतच खणून नेलं.

आता मागण्या. कामं करायची कशी, तेही लिहितो, म्हणजे ‘विचाराधीन आहे’ असं उत्तर द्यावं लागणार नाही.

पाणी सर्वांत आधी. माणशी दिवसाला ५० लिटर धरले तर ३०० माणसांना रोज १५,००० लिटर लागतात. समुद्राचं पाणी गोडं करणारी दोन यंत्रं द्या, प्रत्येकी इतक्याच क्षमतेची. एक यंत्र असलं की ते बंद पडतंच, आणि दुरुस्तीला माणूस सुमारे ४५० किलोमीटरवरच्या तारावाहून जहाजाने यावा लागतो, कारण बानाबावर धावपट्टी नाही. यंत्राचा नाजूक भाग म्हणजे पडदा. त्याच्या अलीकडे बसवलेल्या गाळण्या वेळेवर बदलल्या नाहीत की तो तुंबतो, आणि यंत्र बंद ठेवताना तो ओला आणि औषधात राखला नाही की वाळून निकामी होतो. खाऱ्या वाऱ्यात उच्च दाबाचा पंप गंजतो. म्हणून दोन वर्षांचे सुटे भाग बेटावरच हवेत, डिझेलऐवजी सौर वीज हवी, आणि बेटावरच्याच दोघा-तिघांना प्रशिक्षण आणि पगार हवा. मशीन देऊन फोटो काढून निघून गेलात तर चौथ्या वर्षी तेच होईल जे २०२० मध्ये झालं.

यंत्राच्या जोडीला टाक्या. ला निनाच्या वर्षी या भागात महिनोन्महिने पाऊस पडत नाही. सहा महिने माणशी फक्त २० लिटर दिले तरी १० लाख ८० हजार लिटर साठा लागतो. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर गळती-उडणी वजा जाता ८०० लिटर हाती लागतात. अशी १०० छपरं असली तर तेवढा साठा भरायला असे चौदा पाऊस पुरतात. हे जमण्यासारखं आहे. अडचण छपरांची आहे.

कारण ती छपरं ॲस्बेस्टॉसची आहेत. कमिशनर्सनी बांधलेल्या इमारती ते जाताना तशाच सोडून गेले आणि लोक आजही त्यांत राहतात. जुना पत्रा झिजला की तंतू सुटतात, श्वासातून आत जातात आणि त्यातून होणारे आजार वीस-तीस वर्षांनी दिसतात. हे पत्रे काढताना ते ओले ठेवावे लागतात. करवत किंवा ड्रिल चालवायचं नाही, पत्रा फोडायचा नाही, खिळे सोडवून अख्खा उतरवायचा, दुहेरी जाड प्लास्टिकमध्ये बांधायचा आणि बेटाबाहेर, परवाना असलेल्या जागी पुरायचा. बेटावर पुरू नका, तिथे पाण्याला दुसरा आधार नाही. तुमच्या देशांत एखाद्या शाळेत असा पत्रा सापडला तर शाळा बंद करून तज्ज्ञ बोलावले जातात. बानाबाच्या मुलांसाठीही तेच नियम लावा. त्याच फेरीत माती, धूळ आणि विहिरींतल्या कॅडमियमची तपासणी करा. हे फॉस्फेट कॅडमियमयुक्त होतं, हे तुम्हाला तुमच्या स्वतःच्या कुरणांच्या मातीवरून माहीत आहे.

१९८१ ची तडजोड पुन्हा उघडा. खटला न लावण्याची अट बानाबांवर आहे, तुमच्यावर नाही. स्वतंत्र लवाद नेमा. त्याने दरवर्षीची निर्यात, तेव्हाचा बाजारभाव आणि प्रत्यक्ष आकारलेला भाव यांतला फरक काढावा, १९१३ च्या कलमानुसार न झालेल्या लागवडीचा खर्च त्यात मिळवावा, आणि वाटा ४२, ४२, १६ याच प्रमाणात वाटावा. नफा त्या प्रमाणात घेतलात, देणंही त्याच प्रमाणात द्या. रक्कम बानाबांनी निवडलेल्या विश्वस्तांकडे जावी.

दप्तर खुलं करा. कमिशनर्सची कागदपत्रं, नकाशे आणि छायाचित्रं मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. खाणीने शेतांच्या हद्दी पुसल्या, त्यामुळे कुणाचा तुकडा कुठे होता हे आता फक्त त्या मोजणी-नकाशांवरून कळू शकतं. ते पूर्ण स्कॅन करून, गिल्बर्टीजमध्ये सूची लावून, राबी आणि बानाबाला विनामूल्य द्या. ज्या घराण्याची जमीन गेली त्याला निदान तिची चतुःसीमा परत मिळावी.

खाणीबद्दल. बेटावर पुन्हा खाण काढायची की नाही, हे बानाबा आणि राबीच्या लोकांनी ठरवायचं आहे. तुमच्या कंपन्यांवर तुमचा कायदा चालतो, म्हणून तुमचं काम एवढंच : दोन्ही ठिकाणच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींची लेखी संमती असल्याशिवाय एकाही कंपनीला हात लावू देऊ नका. आणि संमती मिळालीच तर पुनर्वसनाची पूर्ण रक्कम पहिली कुदळ पडण्याआधी बँकेत जमा करून घ्या. उरलेलं फॉस्फेट काढता काढता सुळके सपाट करून देऊ, असं सांगितलं जाईल. असंच १९१३ मध्येही लिहून दिलं होतं.

पुनर्वसनाची सुरुवात एका हेक्टरपासून करा. सुळक्यांची टोकं फोडून तोच चुरा खड्ड्यांत थरांनी भरा, वर बारीक चुनखडी, त्यावर नारळाच्या झावळ्या आणि घरातल्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट. पहिली झाडं खडकात तग धरणारी निवडा. त्यातली बरीच कोकणातल्या माणसाच्या ओळखीची आहेत : उंडी, देशी बदाम, केवडा. ती सावली आणि पाचोळा देतात. पाचोळ्याची माती झाली की मग नारळ आणि नीरफणस. पहिली तीन वर्षं रोपांना पाणी घालावं लागेल, म्हणून हे काम पाण्याच्या आधी सुरू करू नका. कुठली झाडं कुठे, हे राबीतल्या आणि बानाबावरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा.

शेवटचं, आणि हे विनाखर्चाचं आहे. तिन्ही सरकारांनी मिळून माफी मागावी. त्या पत्रात १९०० चा करार, १९२८ ची नोटीस, १९४५ चं स्थलांतर आणि न लावलेली झाडं यांचा नावानिशी उल्लेख असावा. ‘झाल्याबद्दल खेद’ अशी भाषा नको. ती माफी गिल्बर्टीजमध्ये लिहून, राबीवर आणि बानाबावर जाऊन, लोकांसमोर वाचून दाखवावी.

आम्हाला उत्तराची प्रत मिळाली नाही तरी चालेल. ती आधी राबी आणि बानाबाला, त्यांच्या भाषेत पाठवा.

आपले,
ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील काही मराठी भाषिक नागरिक